तिसरीत होते

डोळ्यांत तिसऱ्यांदा थेंब पडले तेव्हा सिस्टर म्हणाली, "आजी, आता अर्धा तास डोळे मिटून बसायचं. उघडून बघितलंत तर पुन्हा पहिल्यापासून." ती म्हणाली, "पहिल्यापासून म्हणजे जन्मापासून का गं? तेवढा वेळ नाही माझ्याकडे." सिस्टर हसली आणि चपला वाजवत गेली. लेक खाली औषधांच्या रांगेत उभी होती. शेजारच्या खुर्च्यांवर कोणीतरी खोकलं, कोणीतरी कागद घडी घालून पुन्हा उलगडला. आणि इतका वेळ तिच्या पायांपाशी येऊन परत जाणारा फरशी पुसण्याचा आवाज, ओल्या फडक्याचा आणि बादलीच्या कडीचा, थांबला. थांबला तो थांबलाच. मग अगदी जवळून, फिनेलच्या वासासकट, एका बाईचा आवाज आला, "तुम्ही आमच्या शाळेत आला होतात. पाहुण्यांचं बोलणं सांगायला."

तिने डोळे उघडले. सगळीकडे दुधासारखा उजेड सांडला होता आणि त्यात एक निळा उभा डाग हलत होता. "मिटा, मिटा," डाग म्हणाला, "सिस्टर मला बोलेल." तिने डोळे मिटले आणि विचारलं, "कुठली शाळा?"

"काडेपेटीच्या कारखान्याच्या मागची. नव्या पत्र्यांची. तुमचा आवाज मला कुठेही कळेल बाई. ती परदेशी पाहुणीबाई लांबलचक बोलायची, काही म्हणजे काही कळायचं नाही. मग तुम्ही बोललात की सगळं कळायचं. मला तर वाटलं होतं, बोलतेय तीच, फक्त तिचं तोंड तुमच्याकडे आहे."

चाळीस वर्षांच्या नोकरीत तिला एवढी शाबासकी कोणी दिली नव्हती. कार्यालयात तिला सगळे दुभाषीबाई म्हणत, शिपायापासून साहेबांपर्यंत, आणि नव्याने लागणाऱ्या मुलींना ती स्वतःच सांगायची की आपला चेहरा कोणाच्या लक्षात राहिला तर आपलं काम बिघडलं असं समजायचं. फोटोंमध्ये ती नेहमी पाहुण्यांच्या खांद्यामागे असे. कधी अर्धा कान, कधी नुसता चष्मा. आवाज तर फोटोत येतच नाही. आणि आज फरशी पुसणाऱ्या एका बाईने तो तीस-चौतीस वर्षांनंतर उचलून तिच्या हातात ठेवला होता. लेकीलाही सांगायची लाज वाटावी असा आनंद तिला झाला. थेंब डोळ्याच्या कोपऱ्यातून हनुवटीपर्यंत ओघळायला जेवढा वेळ लागतो तेवढा तो टिकला. मग तिला पत्रे आठवले.

"तुम्ही त्या वेळी लहान असाल," ती सावधपणे म्हणाली. सावध व्हायला लागली की तिचं बोलणं फार शुद्ध होत असे.

"नऊ-दहा वर्षांची. पुढच्या बाकावर बसवली होती मला. पाहुणीबाईंनी माझ्या गालाला हात लावला होता, आठवतंय?" आणि उत्तराची वाट न बघता, बादली पायाने बाजूला सारून ती बाई तिच्या समोर उकिडवी बसली असावी, कारण आवाज आता खालून यायला लागला. "बाई, सहा महिने मी माणूस शोधतेय. मास्तर गेले. तुमचे ते साहेब मुलाकडे परदेशात असतात म्हणे. एवढ्या मोठ्या गावात त्या वेळचं एक माणूस मिळेना. आणि तुम्ही आपण होऊन माझ्या वॉर्डात येऊन बसलात."

ते प्रकरण असं होतं. ही बाई, जिला इथे सगळे मावशी म्हणत, सोळा वर्षं या डोळ्यांच्या इस्पितळात रोजंदारीवर होती. आता बारा जणींना कायम करणार होते. त्याला चौथी पास असल्याचा दाखला हवा. शाळा तर बंद पडून जमाना झाला, तिची रजिस्टरं वाळवीने खाल्ली. पण शिक्षण खात्यातल्या एका कारकुनाला प्रकल्पाचं जुनं छापील पुस्तक सापडलं, त्यात त्या शाळेच्या मुलांची यादी होती आणि यादीत मावशीचं नाव होतं. त्या काळी प्रकल्पात असलेल्या कोणी सहीनिशी लिहून दिलं की ही मुलगी चौथीपर्यंत सलग शाळेत होती, तर तो दाखला काढून देणार होता. सोमवारपर्यंत. सोमवारी यादी बंद. "कागद तयार आहे," मावशी म्हणाली. "कारकुनाने सगळं लिहून दिलंय. फक्त नाव आणि सही. आणते हं. हलू नका." ती पळाली. सोमवार म्हणजे परवा.

दुभाषीबाई हलली नाही. मिटलेल्या डोळ्यांच्या आत तांबडा अंधार होता आणि त्यात एक शब्द होता. मूळ फॉर्म पाहुण्यांच्या भाषेत होता, सोळा पानांचा, आणि तिला तो पंधरा दिवसांत आपल्या भाषेत करायचा होता. अनेक देशांनी मिळून उभा केलेला निधी, प्रत्येक मुलाला दर्जेदार शिक्षण, आणि त्यासाठी आधी प्रत्येक शाळेची माहिती. 'दर्जेदार' या शब्दावर तीन दिवस समिती बसली होती. एक प्राध्यापक म्हणत होते 'गुणवत्तापूर्ण' हवं. दुसरे म्हणत होते, त्याने वाक्य जड होतं, शिक्षकांच्या घशात अडकेल. चहा आला, बिस्किटं आली, चौथ्या दिवशी 'दर्जेदार' वर सह्या झाल्या. मग नवव्या पानावर मुलांनी मधूनच शाळा सोडण्याचा रकाना होता. तिने म्हटलं, 'गळती' लिहू या, सुटसुटीत आहे, आकड्यांच्या रकान्यात बसतं. कोणीतरी घड्याळ बघितलं. साहेब म्हणाले, छान, पुढे. अर्धं मिनिट लागलं असेल. रकान्यात फक्त एवढंच छापलं गेलं: 'गळती आहे काय? असल्यास किती? गेल्या वर्षीच्या तुलनेत कमी की जास्त?' तिला त्या वेळी आपल्या शब्दाचा अभिमान वाटला होता. झाडावरून फळं गळावीत तशी मुलं गळतात; त्या शब्दात दुःखही आहे, असं ती घरी नवऱ्यालाही म्हणाली होती. नवरा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला होता, "गळती म्हटलं की मला मोरीचा नळ आठवतो." ती रागावली होती. त्यावर तिने हसायला हवं होतं आणि दुसऱ्या दिवशी जाऊन तो रकाना बदलायला हवा होता, हे तिला समजायला ऑगस्ट महिन्याच्या एका सकाळपर्यंत वेळ लागला.

फॉर्म भरून आले. सातशे शाळांच्या ढिगाऱ्यात एका शाळेचा होता, कारखान्यामागच्या. एकच मास्तर, चार वर्ग, एक खोली. मास्तरांचं अक्षर मोत्यासारखं. 'गळती आहे काय?' च्या पुढे त्यांनी लिहिलं होतं: 'नाही. गेल्या वर्षी चार ठिकाणी होती. यंदा संपूर्ण बंद केली.' साहेबांनी तो कागद टेबलावर ठेवून त्यावर तळहात टेकला, जसा कोणी तापाच्या पोराच्या कपाळावर टेकतो. कारखान्याच्या सावलीतली शाळा, आणि एकही मूल शाळा सोडून गेलेलं नाही. महिन्याभरात ते शून्य पाहुण्यांच्या देशात पोचलं. मग पाहुणीबाई स्वतःच बघायला आली.

खोली स्वच्छ सारवल्यासारखी दिसत होती, खिडकीला निळा रंग नवीन होता. मुलं बाकांवर दाटीवाटीने बसली होती, बाकांपेक्षा मुलं जास्त. मास्तर बुटके, कोटाची एक बाही दुसरीपेक्षा आखूड. घाम पुसत हसत होते. पाहुणीबाईने विचारलं, सगळा देश जे करू शकला नाही ते तुम्ही एकट्याने कसं केलं? दुभाषीबाईने विचारलं, "मास्तर, गळती शून्यावर कशी आणलीत?" आणि मास्तरांनी हात वर केला. सगळ्यांनी वर बघितलं. वर पत्रे होते, नवेकोरे, मधोमध काळ्या डांबराच्या रेघा. "मीच चढलो वर," मास्तर म्हणाले. "उन्हाळ्याची सुट्टी सगळी वर काढली. खिळ्याच्या प्रत्येक भोकावर डांबर. आमच्या हिने खालून बादल्या दिल्या. आता थेंब येऊ दे, पैज लावतो." आणि मग, पाहुण्या एवढ्या लांबून आपलं छप्पर बघायला आल्या याचं त्यांना इतकं कौतुक वाटलं, की त्यांनी कोटाच्या बाहीने डोळे टिपले.

ती मधे उभी होती. उजव्या हाताला मास्तर, डाव्या हाताला पाहुणीबाई, समोर साहेब. तिला सगळं समजलं. असं एकदम समजणं आयुष्यात दोन-तीनदाच येतं. साहेबांनाही समजलं होतं. त्यांना दोन्ही भाषा येत होत्या. त्यांनी तिच्याकडे बघितलं. डोळे वटारले नाहीत, मान हलवली नाही, काही नाही. नुसतं बघितलं, आणि एक पाऊल मागे सरकले, म्हणजे जे काही बोलायचं ते तिचं तिने बोलावं. पुढे अनेक वर्षं ती मनाशी म्हणत आली की साहेबांनी दबाव आणला. त्यांनी काहीच आणलं नव्हतं. तिची नोकरी कायम व्हायची होती, नवऱ्याचं छपाईचं काम सुटलं होतं, लेक अडीच वर्षांची होती, हे सगळं खरं होतं; पण त्या क्षणी त्यातलं काहीच तिच्या डोक्यात नव्हतं. डोक्यात एवढंच होतं की हा शब्द मी निवडला. आणि ती पाहुण्यांच्या भाषेत, सुंदर उच्चारांत म्हणाली, "ते म्हणतात, मी स्वतः घरोघर गेलो. उन्हाळ्याची सुट्टी सगळी त्यातच काढली. एकही भोक शिल्लक ठेवलं नाही जिथून मूल निसटेल. माझ्या पत्नीचीही मदत झाली." पाहुणीबाईने वर, पत्र्यांकडे, पुन्हा एकदा बघितलं, आणि मास्तर आभाळाकडे बोट दाखवून देवाचे आभार मानत होते असं समजून तिनेही डोळे टिपले. दोघंही रडत होती. मधली कोरडी होती.

"हा घ्या." मावशीचा श्वास लागला होता. प्लास्टिकच्या पिशवीचा चुरचुर आवाज, मग कागदाचा. "पेन पण आहे. चालतं, मी बघून ठेवलंय."

"तू पुढच्या बाकावर होतीस," दुभाषीबाई म्हणाली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते तिच्या ध्यानात आलं नाही. "निळा फ्रॉक."

"मैत्रिणीचा होता. माझा कारखान्यात घालायचा एकच, त्याला डिंक. तुमच्या लक्षात आहे?" मावशीच्या आवाजात हसू आलं. "आम्हाला त्या दिवशी कारखान्यातून बोलावून आणलं होतं. मास्तर आले, मुकादमाशी भांडले, म्हणाले आमच्या शाळेत परदेशातून पाहुणे यायचेत, पोरींना एक दिवस सोड. चौदा जणी गेलो. मला तेव्हा शाळा सोडून वर्ष होत आलं होतं. काड्या भरायचे. पण मास्तरांनी कोणाचं नाव कापलं नव्हतं. कापायचेच नाहीत. म्हणायचे, नाव आहे तोवर पोरगी आहे."

आणि आठवणीतल्या डांबराच्या वासात डिंकाचा आणि गंधकाचा वास मिसळला. पाहुणीबाई बाकापाशी वाकली होती, गालाला हात लावून तिने विचारलं होतं, तू कितवीत आहेस? दुभाषीबाईने विचारलं, "कितवीत आहेस गं?" मुलीने आधी मास्तरांकडे बघितलं, मग स्वतःच्या बोटांकडे, नखांच्या कडा पिवळ्या पडलेल्या. म्हणाली, "तिसरीत होते." आणि दुभाषीबाई पाहुण्यांच्या भाषेत म्हणाली, "तिसरीत आहे." मास्तरांच्या पत्र्यांचं खोटं मोठं होतं, पण त्याला तिने वर्षानुवर्षं कारणं शोधून ठेवली होती, धांदल झाली, गोंधळ झाला, अर्थ तर चांगलाच होता. या लहानशा क्रियापदाला कारण सापडलं नाही. ते इतकं सहज निघालं होतं. तोंडाला सवय लागायला एक वाक्य पुरलं होतं.

मग ते शून्य पुस्तकात छापलं गेलं, पुस्तक देशोदेशी गेलं, आणि दोन वर्षांनी तीही गेली, एका मोठ्या परिषदेला, काचेच्या खोक्यात बसून कानाला यंत्र लावून बोलायला. खाली गोल सभागृहात शंभरेक माणसं, प्रत्येकापुढे पाण्याचा पेला उपडा. निधी कोणाला किती, कोणत्या मुलांना आधी, यावर चार दिवस चर्चा चालली, आणि दर थोड्या वेळाने कोणी ना कोणी त्या शाळेचं नाव घेई. सात भाषांत तिने ते शून्य ऐकलं. एका देशाचा मंत्री म्हणाला, गळती थांबवायला पैसा लागत नाही, निष्ठा लागते, हे एका गरीब शिक्षकाने दाखवून दिलं आहे. टाळ्या पडल्या. तिने ते वाक्य आपल्या भाषेत केलं, एकही शब्द न गाळता, स्वर योग्य ठिकाणी उंचावून. निधीचा नियम असा होता की जिथे मुलं शाळा सोडतात तिथे दुसरा शिक्षक द्यायचा, आणि मुलीचा रोज बुडतो म्हणून घरच्यांना धान्य. कारखान्यामागच्या शाळेला त्यातलं काही मिळालं नाही. कसं मिळणार, तिथे कोणी गळत नव्हतं. शाळेला एक संगमरवरी पाटी मिळाली. पुढच्या तीन वर्षांत कारखान्यात जाणाऱ्या पोरी चौदाच्या एकतीस झाल्या, पटावर नावं तशीच, आणि मास्तर एका परीक्षेच्या दिवशी फळ्यापाशी बसले ते उठले नाहीत. नंतर कोणी तिथे शिकवायला जायला तयार नव्हतं. ती बातमी कार्यालयात चार ओळींची आली. भाषांतर करण्यासारखं त्यात काही नव्हतं म्हणून तिच्या टेबलावर ती आलीच नाही, तिने ती दुसऱ्याच्या टेबलावर उलटी वाचली.

"मावशी," ती म्हणाली, "ऐक. मी खरं लिहून देते." तिला वाटलं आवाज कापेल, पण तो नेहमीसारखाच निघाला, स्वच्छ, दोन्ही बाजूंना ऐकू जाईल असा. "मी लिहिते की ते शून्य खोटं होतं. चूक माझी होती. शब्द माझा. तू शाळा सोडली होतीस, तुला परत आणायला हवं होतं, कोणी आणलं नाही. माझ्या नावाने, सहीने लिहिते. वर्तमानपत्रात देते हवं तर." हे बोलताना तिच्या छातीत काहीतरी मोकळं होत गेलं, चौतीस वर्षं मिटून ठेवलेलं, इतकं की आपण किती चांगलं बोलतोय याची तिला जाणीव झाली, आणि ती जाणीव झाल्याबरोबर ते मोकळेपण आंबलं.

मावशी समजूत घालण्याच्या सुरात, रोगी बायकांशी बोलत असेल तशी, म्हणाली, "बाई, खरं काय ते मला माहीत आहे. मी तिथे होते. खरं लिहिलंत तर मी तिसरी नापास. तिसरी नापासला कायम करत नाहीत. तुमचं खोटंच राहू द्या ना. एवढी वर्षं राहिलंय."

"ते खोटं आहे, मावशी."

"तेच म्हणतेय मी. त्या खोट्याने सगळ्यांना काय काय मिळालं असेल. साहेबांना मिळालं, तुम्हाला विमान मिळालं. माझ्याच वेळेला ते संपवायचं का?"

हे ती भांडून म्हणाली नाही. भाजीवालीशी आपण दोन जुड्या जास्त मागताना बोलतो तितक्या सरळपणे म्हणाली. विमानाचं हिला कसं कळलं? मास्तरांनी मुलांना सांगितलं असेल, अभिमानाने. आपल्या छपराची गोष्ट विमानात बसून गेली.

"आई, काय चाललंय?" लेकीचा आवाज आला, औषधांच्या पिशवीसकट. "हे कसले कागद? कशावरही सही करू नकोस हं, डोळ्यांत औषध घातलंय तुझ्या. आणि मावशी, तुम्हाला काही हवं असेल तर ऑफिसात सांगा, पेशंटला काय धरता."

"ती माझ्या ओळखीची आहे," दुभाषीबाई म्हणाली.

"तुझ्या? कुठली?"

"प्रकल्पातली."

"अगं, ती शून्य गळतीवाली शाळा?" लेकीचा सूर एकदम बदलला. घरी पुस्तकांच्या कपाटावर तो फोटो होता, पाहुणीबाईच्या खांद्यामागे अर्धा कान. लेकीने शाळेत असताना त्या फोटोबद्दल 'माझी आई' या निबंधात लिहिलं होतं. "मावशी, तुम्ही तिथे शिकलात? आई नेहमी सांगते तुमच्या मास्तरांचं. घरोघर जायचे ना ते?"

दुभाषीबाईला वाटलं आता मावशी सांगेल. तिला ते हवं होतं, आणि नको होतं. लेकीच्या बाजूचा तिचा हात आपोआप खुर्चीच्या दांड्यावर आवळला. मावशी म्हणाली, "जायचे ना. फार जीव होता मास्तरांचा." किती सफाईने म्हणाली. ऐकणाऱ्याला जे हवं ते, त्याच्याच भाषेत. दुभाषीबाईने आयुष्यात ज्या मुलींना हे काम शिकवलं त्यांच्यात इतकी तयार कोणी नव्हती.

"वाच," ती म्हणाली. "मला दिसत नाही. तूच वाच काय लिहिलंय ते."

"मी वाचून दाखवते की," लेक म्हणाली.

"नाही. तिला वाचू दे."

मावशीने घसा खाकरला. मग बोट कागदावर सरकत असल्याचा बारीक आवाज, आणि त्याच्या मागून अक्षरं, एकेक. "मी... खा-ली... स-ही... कर-णा-री... अ-से... ले-खी... दे-ते... की..." 'प्रकल्प' पाशी ती अडली. 'प्र' ला ती 'प' म्हणाली, थांबली, परत मागे गेली, पुन्हा 'प' च म्हणाली. जोडाक्षरं तिसरीच्या दुसऱ्या सहामाहीत पक्की होतात. 'सलग' सोपं होतं, ते ती झटकन म्हणाली, आणि त्या शब्दावर थोडा जोरही दिला. पुढच्या खुर्च्यांवरचं कुजबुजणं थांबलं होतं. लेकीच्या पिशवीचा आवाजही येईनासा झाला. चौथी पास असल्याचा कागद वाचायला मावशीला पाच-सहा मिनिटं लागली, आणि तो वाचताना कोण किती शिकलं ते तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळलं.

"आई," लेक हळूच म्हणाली, "हे..."

"पेन दे," दुभाषीबाई म्हणाली. "आणि सही कुठे ते दाखव."

मावशीने तिचा हात धरून पेनाचं टोक कागदावर टेकवलं. बोटं खरखरीत होती, फिनेलने सोललेली. तिने सही केली. डोळे मिटूनही सही नीट येते, माणूस इतक्या वेळा करतो. नंतर तिने नाव लिहिलं, आणि नावाखाली, कारकुनाने सांगितलं होतं म्हणून, पद: दुभाषी. कागद तिच्या हाताखालून अलगद निघून गेला, फुंकर मारल्याचा आवाज आला, मग पिशवीचा.

"तुमचे उपकार," मावशी म्हणाली. ती उठली नाही. "बाई, एक विचारू? मुलाखतीत एखादा साहेब मुद्दाम विचारतो असं बाकीच्या म्हणतात. चौथीत काय काय असतं हो? म्हणजे विचारलंच, तर मी काय सांगू?"

दुभाषीबाईने तोंड उघडलं. चौथीच्या मुलाला काय यायला हवं याची यादी तिनेच आपल्या भाषेत केली होती, सोळा क्षमता, आकडे घालून. 'परिसराविषयी जिज्ञासा व्यक्त करतो.' 'आकलनपूर्वक वाचन करतो.' त्यातलं एकेक वाक्य तिला जसंच्या तसं आठवत होतं आणि त्यातलं एकही या बाईच्या हातात ठेवण्यासारखं नव्हतं. लेकीला विचारावं, तर लेक रडत असावी, नाकाने श्वास घेत होती. शेवटी तिला स्वतःची चौथी आठवली, पाटी, थुंकी लावून पुसलेली.

"भागाकार असतो," ती म्हणाली.

"तो कसा असतो?"

"हात दे." मावशीने तळहात पुढे केला. काही दिसत नसताना तिने त्यावर बोटाने घर काढलं, भागाकाराचं. "आत मोठी संख्या लिहायची. ती बाहेरच्या सगळ्यांत सारखी वाटायची. जेवढं ज्याच्या वाट्याला येतं ते इथे लिहायचं, बाजूला."

"आणि उरलं तर?"

"तर ती बाकी. ती खाली लिहायची. अगदी तळाला."

"आणि मग तिचं काय करायचं?"

"चौथीत काही करत नाहीत," ती म्हणाली. "नुसती लिहून ठेवतात."

मावशी पाठ करायला लागली, पुटपुटत, हात तसाच उघडा धरून. मोठी संख्या आत. ती बाहेरच्या सगळ्यांत सारखी वाटायची. उरेल ती बाकी, तळाला. सिस्टरने दारातून हाक मारली, "आजी, चला, डॉक्टर बोलावतायत." लेकीने दंडाला धरलं. पण ती उठली नाही, मान कलती करून ऐकत राहिली. जन्मभर ती दुसऱ्यांच्या वाक्यांना असाच कान लावून बसली होती. मावशीने पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, आता जरा भरभर: मोठी संख्या आत, ती सारखी वाटायची, उरेल ती तळाला. 'सगळ्यांत' हा शब्द गळला होता. दुभाषीबाईला तो गळलेला ऐकू आला, आणि तिने तो सांगितला नाही.